चारशे ग्रॅम

कुताइसीत पहाटे तीनला जागे असतात
ते चोर, नर्सा आणि भट्टीवाले.
मी भट्टीवाला.
कणकेचा गोळा तराजूवर टाकतो, चारशे ग्रॅम.
काट्याकडे बघत नाही. सव्वीस वर्षांत
बोटांनाच वजन कळायला लागलंय.
मग कमरेतून वाकून भट्टीच्या पोटात उतरतो,
तापल्या भिंतीवर लांबट पाव चापटतो,
वर येईपर्यंत श्वास धरून आकडे म्हणतो,
जसे तोर्निकेच्या उशाशी बसून म्हणायचो :
एक, दोन, चाळीस, नव्वद,
त्याचं अंग ढिलं पडेपर्यंत.

ऑक्टोबरपासून उशाशी बसावं लागलं नाही.
औषध लागू पडलं, डॉक्टर एतेरी म्हणाल्या.
लागू पडलं.
मग अंगालाही लागलं.

आधी शर्टाचं खालचं बटण गेलं, मग वरचं.
मग शाळेतल्या पोरांनी त्याला नाव ठेवलं,
ते त्यानं मला सांगितलं नाही, वहीच्या मागच्या पानावर
खोडून खोडून कागद फाटला होता, त्यावरून कळलं.
शेजारच्या लामझिरा मावशी गालगुच्चा घेतात,
"खात्यापित्या घरचं पोर हो!
पाववाल्याकडे रोडकं राहील कसं?"
मी हसतो.
पावाच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात आहे,
क्रुसाच्या शेजारी. चालताना दोन्ही वाजतात.

आख्ख्या गल्लीला पाव विकणारा मी,
एका रात्री दिवा लावला तर
तोर्निके परातीपाशी उकिडवा,
कोपरापर्यंत कच्ची कणीक,
तोंडात कणीक.
"ही भूक माझी नाहीये," तो म्हणाला.
नऊ वर्षांचा आहे. असंच म्हणाला.
मी त्याचे हात धुतले, पाणी गार होतं,
आणि मला काही सुचलं नाही म्हणून परत धुतले.

फेब्रुवारीत पेंग आली.
गणिताच्या वहीवर, जोड्यात एक पाय घातलेला असताना,
केस कापताना न्हाव्याच्या हातात मान टाकून.
सकाळी उलटी. मला वाटलं,
चोरून खाल्लं असेल. ओरडलो.
ते ओरडणं अजून घरात कुठेतरी आहे.

डॉक्टर एतेरींनी रक्त काढलं, नळी बर्फात खुपसली.
"अमोनिया बघायचाय. आमचं मशीन बंद आहे.
नदीपलीकडे न्या, पळत, बर्फ वितळायच्या आत."
रिओनीच्या पुलावरून मी पळालो,
पिठाचे बूट, पोटाशी थर्मास.
उन्हात पर्यटक फोटो काढत होते,
खाली पांढरे दगड, पाणी जेमतेम.
आयुष्यभर ऊब जपली, पाव गरम पोचवले,
त्या दिवशी पहिल्यांदा
गारवा सांभाळत पळत होतो.

आकडा वाढलेला निघाला.
गोळी अर्ध्यावर आली, सोबत एक आंबट सरबत,
कार्निटिन, दिवसातून तीनदा.
"आणि झटका परत आला तर?"
डॉक्टर एतेरींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"तर आपण परत बसून ठरवू."
आपण, म्हणाल्या. तेवढा शब्द घेऊन मी घरी आलो.

परवाच्या गुरुवारी आला. लहानसा.
मी एकोणतीसपर्यंत मोजलं.

आज तीनला तो आपणहून उठलाय,
पेंग नाही, डोळे स्वच्छ,
स्टुलावर उभा राहून कणीक तोडतो.
पहिला गोळा चारशे बारा.
बारा ग्रॅम चिमटीत धरून
तो आधी तराजूकडे बघतो, मग माझ्याकडे.
मी भट्टीत वाकतो.
मुद्दाम.
आणि आत, तापल्या मातीला तोंड लावून,
नेहमीपेक्षा जास्त आकडे म्हणत राहतो.