स्कार्फच्या आत

फ्रेंच शिकवणाऱ्या ओजस्विनीबाई म्हणाल्या,
स्कार्फ असा सैल टाकायचा मानेवर,
जणू वारा तो तिथे विसरून गेला.

मी हो म्हटलं.
मग पार्किंगमध्ये नेहमीसारखा
नाक, कान, कपाळ आवळून बांधला,
वर गॉगल.
कर्वे रोडची धूळ पॅरिसला काय माहीत!

आत मात्र लिपस्टिक होती.
लाल. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली,
आरशाशिवाय लावलेली,
डावीकडे जरा ओठाबाहेर गेलेली.

नळ स्टॉपला सिग्नल पडला.
एकशेवीस सेकंद मी नटलेली,
आणि कुणाला पत्ता नाही.
शेजारच्या ॲक्टिव्हावरची बाईही
डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली.
तिच्या आत काय असेल?

रात्री स्कार्फ भिजवायला काढला.
आतल्या बाजूला अर्धा ओठ.
बादली भरून वाहायला लागली.
म्हटलं, राहू दे, उद्या धुऊ.