चौदावा प्रश्न

निल्सियाच्या पुढे रस्ता बर्फात बुजतो.
तिथून चालत गेले, काखेत प्रश्नावली, बोटं बधिर.
मुलांना मारायचं नाही, असा कायदा होऊन
चाळीस वर्षं झाली.
त्याचं पुढे काय झालं ते मोजायला
हेलसिंकीहून आम्हा अकराजणांना पाठवलंय.

तावेत्तीने दार उघडलं. वय एक्याऐंशी.
आधी कॉफी, म्हणाला, मग सरकार.

लहानपणी तुम्हाला मारत असत?
तो खिडकीबाहेरच्या बर्चकडे बघत राहिला.
"फोक आपला आपणच तोडून आणायचा.
फार बारीक आणला तर बाप स्वतः उठायचा.
म्हणून बेताचा शोधायला शिकलो.
पुढे जन्मभर लाकूडच पारखलं, गिरणीत."
आणि हसला.
"शनिवारी सौनात याच झाडाची डहाळी
अंगावर झोडून घेतो. बरं वाटतं.
हेही लिही."

मी लिहिलं: होय. वारंवार.

जेवायला मुलं आली होती.
यार्क्को कायद्याच्या आधीचा,
औती नंतरची. मध्ये सात वर्षं.
म्हाताऱ्याने पावासाठी हात लांब केला
आणि पन्नाशीला टेकलेल्या यार्क्कोची मान
केसभर खाली गेली.
औती बटाटा सोलत होती. सोलतच राहिली.

याला रकाना नव्हता.

भांडी विसळताना औती म्हणाली,
"मला कधीच नाही, लिहा तसं.
पण रागावला की तो तीन-तीन दिवस बोलत नसे.
मी दाराआड उभी राहून
त्याच्या खोकल्याची वाट बघायचे.
यार्क्को म्हणतो, तू सुटलीस.
सुटलेही असेन.
ताडून बघायला मला फोक कुठे मिळाला?"

कायद्यामुळे किती, टीव्हीमुळे किती,
आई घर सोडून गेली त्यामुळे किती,
हे वेगळं काढायचं कसं,
ते प्रशिक्षणात दोन दिवस शिकवलं होतं.
त्या स्वयंपाकघरात मला एकही सूत्र आठवेना.

निघताना यार्क्कोला विचारला चौदावा:
गेल्या वर्षभरात मुलाला एकदा तरी मारलंत?

तो बूट चढवता चढवता थांबला.
"उगारला हात. एकदा. धाकट्यावर.
वर गेला, आणि मग
तो ठेवायचा कुठे तेच कळेना.
फ्रिजवर धूळ होती. ती पुसली."

मी 'नाही'वर खूण केली.
फ्रिजचं समासात लिहिलं,
पेन्सिलीने.