दार न मोडता

विभागाच्या फाटकाशी शितोळे रजिस्टर पुढे करतात.
एकवीस वर्षं मी सही करते.
ते चेहरा बघत नाहीत, सही बघतात.
वडोदऱ्याचा मे, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि वर तिसऱ्या मजल्यावर पंखा एकच.

फळ्यावर वर्तुळ काढते. त्यात आणखी एक.
हे केंद्रक. भोवती दुहेरी पडदा,
पडद्याला हजारो छिद्रं.
पेशी दुभंगते तेव्हा पडदा विरघळतो,
काही विषाणू त्याचीच वाट बघत बसतात,
गरब्याच्या रात्री सोसायटीचं गेट सताड असतं ना, तसं.
पण मॅक्रोफेज दुभंगत नाही.
तिच्या घरी सण नाही, डागडुजी नाही,
पडदा कायम ओढलेला.
एचआयव्हीला त्याचं काही वाटत नाही.

"मग जातो कसा, मॅडम?" मागून हेतल.

वर्षानुवर्षं मी नावं सांगत आले:
मॅट्रिक्स, व्हीपीआर, इंटिग्रेज.
यांच्या अंगावर पेशीच्याच ओळखीचे शिक्के,
पेशीचेच हमाल त्यांना उचलून आत नेतात.
कवच? ते बाहेरच गळून पडतं,
छिद्रात मावणार नाही इतकं रुंद.
मुलांनी लिहून घेतलं. मी गुण दिले.
एकानं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, कदाचित कवचासकट,
मी लाल शाईनं खोडलं.
त्याचं नाव आठवत नाही.
आडनाव ब-वरून होतं बहुतेक.

आता माझ्या फोनमध्ये एक चित्र आहे,
जुन्या विद्यार्थिनीनं परदेशातून पाठवलेलं:
करड्या धुक्यात एक शंकू, अख्खा,
निमुळतं टोक पुढे करून छिद्रात शिरलेला.
छिद्राच्या पोटात लोंबणारी प्रथिनं, मऊ, ओली,
अनोळख्याला बाहेर लोटणारी,
याला घरचं माणूस समजून
हातोहात पुढे सरकवतायत.

संध्याकाळी उतरले तर शितोळे जिन्याखाली उभे.
"तुम्ही तोच शिकवता ना? माझ्यात आहे तो?"
माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली.
सयाजी हॉस्पिटलातून महिन्याची बाटली मिळते म्हणाले,
सात वर्षं झाली, रिपोर्टात आता दिसत नाही,
सुनेला अजून सांगितलेलं नाही.

मग धंद्यातला प्रश्न विचारावा तसं विचारलं:
"दार मोडतो का तो?"
नाही.
"चांपानेर दरवाज्यासारखं असतं का? वर माणूस बसलेला?"
माणूस नाही. दारच ओळखतं.
"आणि ओळखून आत घेतं."
हो.
बराच वेळ ते रजिस्टरच्या दोऱ्याशी खेळत राहिले.
"मग पहाऱ्यावरच्याला काय बोलणार."

मी सांगायला हवं होतं
की आत गेल्यावर तो आपल्याच अक्षरांत लिहिला जातो,
रात्रीची गोळी नव्याला लिहू देत नाही,
जुना मात्र झोपून असतो.
त्यांना ते ठाऊक असावं.
पावणेनऊला फोनमध्ये आरती वाजली,
त्यांनी गार चहाबरोबर गोळी घेतली
आणि माझ्यापुढे रजिस्टर सरकवलं, बाहेर जाण्याची वेळ लिहायला.

उद्या पुन्हा तोच तास, दुसरी तुकडी.
वर्तुळ काढायचं, आत आणखी एक.
छिद्रं या वेळी
जरा मोठी काढायची.