चौथा मजला

बाबांची लिफ्ट फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत होती.
'बाबांची' असं आम्हीच म्हणायचो, इकडे घोडपदेवला.
पितळी मूठ, जाळीचा दरवाजा, कोपऱ्यात स्टूल
आणि स्टुलावर रंगवलेलं: बसू नये.

चौथ्या मजल्यावर एक ट्रस्ट. दर जूनला
प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्क घेऊन आलेली मुलं
बाबा वर न्यायचे, खाली आणायचे.
रात्री जेवताना सांगायचे, आज एकवीस गेले,
चौघांचे चेहरे बरे होते.

त्या वर्षी त्यांत मी.

बी.फार्म. पहिल्या वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार.
तहसील कचेरीतल्या बाईंनी दाखल्यावर आकडा टाकला,
चष्म्यावरून बघितलं, म्हणाल्या, सवलतीत नाही बसत.
मर्यादेपेक्षा बाराशे जास्त.
बारा रविवार बाबांनी ओव्हरटाइम केला होता,
माझ्याच फीसाठी.
आई भाकरी थापता थापता हसत सुटली:
बाराशे रुपयांनी श्रीमंत झालो गं बाई,
आता भांड्यांना बाई ठेवू.

पतपेढीने सोळा दिले.
भिशीचा पहिला नंबर आईने रेवाळेकाकूंकडून मागून घेतला,
बदल्यात वर्षभर त्यांचे पापड लाटायचे.
बँकेतला साहेब म्हणाला, जामीनदार आणा,
स्वतःची जागा असलेला.
आमच्या ओळखीत जागा होत्या, नाही असं नाही.
खेडला होत्या, गुहागरला होत्या,
फणसासकट.

तर चौथा मजला.

आदल्या रात्री बाबा म्हणाले,
लिफ्टमध्ये माझ्याशी बोलू नकोस,
वशिला वाटेल त्यांना.
लिफ्टमनचा वशिला! मी म्हटलं.
ते हसले नाहीत. माझ्या चपला ओल्या फडक्याने
पुसत बसले, खालूनसुद्धा.

आम्ही पाच जण होतो आत.
कितवा? बाबांनी विचारलं.
चौथा.
मी त्यांच्या पाठीकडे बघून उत्तर दिलं
आणि दिसलं, खाकी कॉलरच्या आत मानेवर
पावडर लावली होती त्यांनी, लग्नाला लावतात तशी.
लिफ्ट लादीशी इतकी जुळवून थांबवली
की मधली फट पायाला कळली नाही.

तीन माणसं, एक पंखा, बशीत बिस्किटं.
मार्क बघितले. दाखला बघितला, परत बघितला.
वडील काय करतात?
अर्जात मी 'नोकरी' लिहिलं होतं.
म्हटलं, तुम्हाला वर आणतात.
कुणाला कळलं नाही. मग टोकाच्या बाईंना कळलं.
त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली
आणि दुसराच कागद वाचायला घेतला.

उतरताना आम्ही दोघंच.
तिसरा गेला. बाबा मुठीकडे बघत होते.
तिसऱ्या-दुसऱ्याच्या मध्ये त्यांनी लिफ्ट थांबवली.
जाळीपलीकडे नुसती भिंत,
चुन्यात कुणी तरी खिळ्याने बदाम कोरलेला.
किती?
चौदा. बिनव्याजी. नोकरी लागली की फेडायचे.
ओठांतल्या ओठांत ते बेरीज करू लागले.
सोळा. भिशीचे दहा. चौदा.
आठ राहिले, मी म्हटलं.
आठ राहिले, ते म्हणाले, जशी काही
आठ माणसं गावाहून यायची राहिलीत.
आईच्या पाटल्यांचं नाव
दोघांनीही घेतलं नाही.

बेल वाजली. वाजतच राहिली.

तळमजल्यावर एक मुलगा उभा होता,
फोल्डर छातीशी, केसांना जरा जास्तच तेल.
मी बाहेर पडले, तो आत गेला.
जाळी ओढता ओढता बाबांनी त्याला विचारलं,
ओरिजिनल आणलीयत ना सगळी?
आणि पायाने स्टूल पुढे सरकवत म्हणाले,
बस.