चौकट

वर्गाच्या खिडकीतून वाळू दिसायची
आणि वाळूत आडव्या पडलेल्या तीन बोटी.
एकीच्या सावलीत उंट बसायचा
रवंथ करत, तिकीट काढून बसल्यासारखा.
इथं बंदर होतं म्हणे.
मोयनाकमध्ये सगळं होतंच म्हणे.

बीबीजमाल बाईंनी फळ्यावर लिहिलं:
गोष्टीची पहिली दहा वाक्यं.
स्थळ बंदर, वेळ पहाट.
माणसं अजून यायची आहेत,
त्यांना उभं राहायला जागा करून ठेवा.

मी लिहिलं, समुद्र निळा होता,
विशाल होता, नयनरम्य होता.
बाईंनी तिन्ही शब्दांवर पेन्सिलीनं टकटक केलं.
मासळीच्या कारखान्यात सात वर्षं
डब्यांवर अशीच टकटक केली होती त्यांनी.
म्हणाल्या, "रिकामे आहेत, पोलात.
झाकण छान बसलंय. आत काही नाही."

मग मी चिडून समुद्रात आणखी भर घातली.
फेसाळत्या लाटा, रुपेरी किनारा, कुरव पक्ष्यांचे थवे,
वर सूर्य, नेहमीचाच, सोन्याचा गोळा.
आयतबायनं तर देवमासा सोडला,
जो इथल्या पाण्यात कधीच नव्हता.
आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता.
ज्याच्या जिभेला चव नाही
तो मीठ जास्त टाकतो.

शारिगुलनं वही मिटून ठेवली होती.
बाईंनी मागितली तेव्हा उघडली, तीही अर्धीच.
तिनं बंदर लिहिलंच नव्हतं:

आजोबा घरात येताना मान वाकवतात.
दार उंच आहे. आजोबा बुटके आहेत.
चहाची पियाली खाली ठेवली
तरी तिच्यावरचा हात काढत नाहीत.
निजतात ते एक तळवा भिंतीला टेकवून.
पहाटे चारला उठतात, अंगणात जातात,
बोट ओलं करून वर धरतात,
वारा कुठला ते बघतात
आणि परत येऊन निजतात.

एवढंच.
समुद्र हा शब्द कुठंच नव्हता.
बाईंनी मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा, हळू,
आणि खरं सांगतो, माझा बाक हलला.
आयतबायचा पाय लागला असेल.
पण मी बाकाची कड घट्ट धरली.

लाल पेनाचं टोपण बाईंनी उघडलं नाही.
नुसतं विचारलं,
"अजून पाय फाकवून चालतात का गं?"
"हो."
"तेही लिही."

दुसऱ्या दिवशी जुमाबाय आजोबाच शाळेत आले,
टोपी हातात, भांडायला आल्यासारखे.
वर्गात शिरताना मान वाकवली.
कोणी हसलं नाही.
म्हणाले, पोरीनं एक चुकवलंय.
चारला नाही. साडेतीनला.

आता मी नुकुसला असतो.
दिवसा टायर विकतो, रात्री गोष्टी लिहितो,
आणि कागदावर निळा आला की
पेन्सिलीनं टकटक करतो.
त्या वर्षी खिडकीच्या काचेवर मिठाची साय धरायची,
बोटाच्या नखानं खरवडून आम्ही नावं लिहायचो,
ते मी लिहिलं नाही.
उंट लिहिला नाही.
मधल्या बोटीच्या पत्र्यावर कुणीतरी खडूनं
मांडलेला हिशेब होता, बेरीज अर्धवट सोडलेली,
तो तर रोज वाचायचो येता-जाता.
डोळ्यांदेखत होतं ते सोडून
मी देवमाशाशी स्पर्धा करत बसलो.

परवा निगार म्हणाली,
"स्वयंपाकघरात येताना वाकतोस का रे?
चौकट तर तुझ्या डोक्याच्या हातभर वर आहे."
म्हटलं, सवय.

बोटीत कधी पाऊल ठेवलं नाही मी.
एका मुलीच्या अर्ध्या उघड्या वहीतून
आत गेलो होतो एकदा.
तिथं बुटकी होती.