पाचशे तीन

चर्चच्या मागच्या खोलीत, हीटरजवळ पाय शेकत
आम्ही तिघं: मॉरवेना, जॉरी आणि मी.
गावातल्या म्हाताऱ्यांना थंडीत कोळसा पोचवतो आम्ही.
शिल्लक एकशे चाळीस पौंड.

जॉरीला ते दुसरं सॉफ्टवेअर हवंय,
त्यात चित्रं आपोआप सरकतात.
मॉरवेना म्हणते, मिसेस ट्रेगेअर भिंगातून वाचते,
तिच्यापुढे काही सरकवू नकोस बाबा,
भोवळ येईल तिला.

मग एकच रकाना. ठसठशीत अक्षर.
देणगीचं बटण अंगठ्याएवढं.

फुकटात पाचशे पत्ते बसतात.
आमच्याकडे पाचशे तीन.

यादी खाली सरकवता सरकवता मॉरवेनाचं बोट थांबतं.
विल्फ. डेन्झिल.
आणि मागल्या फेब्रुवारीपासून
पास्को, तिचाच नवरा.

"यांची पत्रं कधी परत आलेली नाहीत,"
ती म्हणते,
"म्हणजे पोचत असणार."

जॉरी घसा खाकरतो,
स्क्रीनकडे मात्र बघत नाही.

महिन्याला नऊ पौंड,
म्हणजे कोळशाचं एक पोतं.
हे कुणीच मोठ्यानं म्हणत नाही.

मी पर्समधून कार्ड काढते, माझं स्वतःचं,
आणि नंबर टाकताना
दोनदा चुकते.