उसाचा काप

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ओटीत
सकाळी पावणेआठला मतं दोन आणि हात एक.
हात नेमगोंडा मगदूम यांचा, हुपरीचा.
पैंजणाची पट्टी कापताना यंत्र चाललं तळव्यावर,
दोन बोटांच्या दोऱ्या तुटल्या.

धाकटा डॉक्टर म्हणतो, गळ्याच्या हाडावर द्या मॅडम,
तिथं सगळ्या नसा एका जुडीत.
एक सुई, वीस मिनिटं, अख्खा हात गार.
खरं आहे.
पण जुडीखालीच फुफ्फुसाची पांढरी कड
श्वासागणिक सरकत असते.
शेकडो वेळा गेलेय तिथं,
दर वेळी श्वास मीच रोखून धरलाय.

काख बरी म्हणावी,
तर तिथं नसा धमनीभोवती बसलेल्या भावकीसारख्या,
तोंडं फिरवून. एकेकीला वेगळं विनवायचं.
त्यातली एक तर कधीच वेगळी निघालेली,
दंडाच्या मासात चूल मांडून.

मी आणखी खाली उतरते.
हाताच्या मध्यावर थंड जेल,
आणि करड्या पडद्यावर मधली नस:
कोयत्यानं कांडं कापावं आणि
उसाचे ठिपके दिसावेत, तशी.
सरीत पाणी शिरावं तसं औषध तिला वेढतं.
मग करंगळीकडची, धमनीला खेटलेली.
मग अंगठ्याकडची, बारीक,
सापडली म्हणेपर्यंत हरवणारी.

दंडावरचा पट्टा मात्र टोचेल, काका. सांगून ठेवते.
"पट्टा व्हय? चालतंय की.
भट्टीपुढं बसून हाडं भाजल्यात आमची."
(अठराव्या मिनिटाला ते दात खातात.
मी पट्टा सोडायला सांगते.)

टाके झाल्यावर शिंत्रे सर म्हणतात, बोटं मिटवा.
ते मूठ मिटत नाहीत.
तर्जनी अंगठ्याकडे नेतात, हळू,
ताटलीतला एक घुंगरू उचलावा तशी.
"माजा वाटंना ओ हात. पर ऐकतोय."

आणि अर्ध्या वाटेवर बोट अडकतं.
टाका जाड झालाय एके ठिकाणी.
सर तो उसवतात, पुन्हा घालतात.
पुन्हा मिटवा.
आता सरकतं.

धाकटा काही बोलत नाही. मीही नाही.
दुपारी कोपर मोडलेली पोरगी यायचीय कागलहून,
तिला मी गळ्याच्या हाडावरच देणार आहे,
श्वास रोखून.